मोठ्या अक्षरांची सोय

बुधवारी दुपारी प्रकाशबाबूंनी टॅब उघडला, तेव्हा आपल्याच बोटाची काही चूक झाली असं त्यांना वाटलं. विहारात वाचायच्या ग्रंथाचं पान समोर आलं होतं, पण वरच्या कोपऱ्यातलं चौकोनी चित्र जागेवर नव्हतं. त्यांनी पान बंद केलं, पुन्हा उघडलं. टॅब बंद केला, पुन्हा सुरू केला. चित्र नाही ते नाहीच. त्याऐवजी एक निळी पट्टी आली आणि ब्राउझर आता आधीपेक्षा सुंदर आणि वेगवान झाल्याचं सांगून आपोआप गेली.

ते चित्र दाबलं की जाहिराती, फोटो, बाकीचा सगळा पसारा नाहीसा व्हायचा आणि काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं उरायची. दोन बोटांनी ताणावीत तेवढी ती मोठी व्हायची. एका ओळीत तीनच शब्द मावले तरी बिघडत नसे, कारण ओळ काठाशी आली की आपली आपण खाली वळायची. आता अक्षरं ताणली की ओळ सरळ पडद्याबाहेर निघून जात होती. तिच्या मागे पान उजवीकडे ओढायचं, मग पुढची ओळ शोधायला परत डावीकडे यायचं. अशाने माणूस वाचेल काय, कप्पाळ!

प्रकाशबाबू पांढुर्ण्याच्या स्टेशनात पार्सल ऑफिसला होते. चौतीस वर्षं संत्र्यांच्या पेट्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडल्या आणि सहा वर्षांपूर्वी रिटायर झाले. तेव्हापासून स्टेशनात गेलं तर लोक चहा पाजत, पण बसायला खुर्ची कुणी देत नसे. त्यांचं म्हणावं असं एकच आसन उरलं होतं, ते विहारातलं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी सात वाजता विहारात ग्रंथवाचन होई आणि एकोणीस वर्षं ते प्रकाशबाबूच करत. आवाज असा की मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द कळावा. पांढरा शर्ट घालून ते ठेंगण्या टेबलामागे बसले की गडी पार्सलचा बाबू राहत नसे.

या आसनाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक उद्योग करून ठेवला होता. कागदावरची अक्षरं तेव्हा पुसट व्हायला लागली होती. पांढुर्ण्यात कुणी पाहू नये म्हणून ते बसनं सौंसरला गेले आणि बायकोला, रजनीताईंना, सांगितलं की जुन्या दोस्ताकडे कुणी वारलं, त्याचं पुण्यानुमोदन आहे. सौंसरच्या चष्मेवाल्यानं दहा-बारा भिंगं बदलून पाहिली आणि शेवटी हात टेकले. हे चष्म्याचं काम नाही, शुगरनं डोळ्याचा पडदा खराब होत असेल, नागपूरला दाखवा, असं म्हणून त्यानं एक चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी प्रकाशबाबूंनी रेक्झिनच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात घातली. त्याच आठवड्यात त्यांना टॅबमधलं ते चौकोनी चित्र सापडलं आणि नागपूर राहून गेलं. ते टॅबवरून वाचायला लागले तेव्हा विहारात सगळ्यांना मोठं कौतुक वाटलं. या वयात बाबू किती मॉडर्न झाले, असं लोक म्हणत, आणि बाबू ते म्हणू देत.

आणि आता कुणी न विचारता, न सांगता, ती सोयच काढून नेली.

बुधवारी त्यांनी घसा बसल्याचं सांगितलं. वाचन सोनालीनं केलं, ती मराठी शाळेत शिकवायची. गुरुवारीही घसाच बसला. रजनीताईंनी दोन दिवस हळद घालून दूध दिलं, ज्येष्ठमधाच्या कांड्या चघळायला लावल्या, मिठाच्या गुळण्या करवल्या. ठणठणीत घशाची एवढी सेवा होताना बाबूंना लाज वाटत होती. पण लाजेनं दिसायला लागतं थोडंच.

शुक्रवारी त्यांनी सुमेधला गाठलं. सुमेध शेजारचाच, सौंसरच्या बँकेत होता, रोज बसनं ये-जा करायचा आणि विहाराच्या कमिटीचा सचिवही होता. त्यानं डब्याची पिशवी खांद्यावरून न उतरवताच टॅब हातात घेतला. जुना ब्राउझर परत टाकून पाहिला, तर तो टाकूनच घेईना. कुठून तरी शोधून बळंच टाकला, तर आपण जुने झाला आहात म्हणून वेबसाइटनं दार लावून घेतलं. मग कंपनीच्या पानावर गेला. तिथं हीच तक्रार केलेले शेकड्यांनी लोक होते, कुणी विनवत होतं, कुणी शिव्या देत होतं. खाली कंपनीचं उत्तर होतं, ते सुमेधनं मराठीत करून सांगितलं. ही सोय फार थोडे लोक वापरत होते, म्हणून काढली.

"फार थोडे म्हणजे किती?" प्रकाशबाबूंनी विचारलं.

सुमेधला हसू आलं. ते लिहिलेलं नाही, असं तो म्हणाला.

प्रकाशबाबू मात्र तापले. पार्सल ऑफिसात एका पेटीवाल्यासाठीही खिडकी उघडावी लागायची, त्याला कधी म्हटलं नाही की तू एकटाच आहेस, जा घरी. सुमेधनं ते ऐकून घेतलं आणि दुसरा एक ब्राउझर टाकून दिला. त्यात अक्षरं मोठी करायची सोय होती, पण चारच पायऱ्यांची. सुमेधनं चौथी पायरी लावून टॅब त्यांच्यापुढे धरला.

"घ्या काका. एवढी मोठी अक्षरं तं दुकानाच्या पाटीवर राह्यते. आता तं झालं न?"

बाबूंच्या समोर राखाडी रेघा होत्या. मधला भाग तर कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखा. नाही म्हणावं तर सुमेध विचारणार, एवढ्यावरही कसं दिसत नाही? त्यांनी मान हलवली.

"झालं," ते म्हणाले. "पण मले ते पहिलेवालंच पायजे."

सुमेधला वाटलं, म्हातारपणीचा हट्ट. शनिवारी संध्याकाळी त्यानं भाबडेपणानं ही हकिगत विहारात सांगून टाकली. बाबूंच्या टॅबची अपडेटनं वाट लावली, म्हणून ते रुसले आहेत. लोक हसले. कमिटीचे अध्यक्ष दादाजी यांना तर आनंदच झाला. टॅबवरचं वाचन त्यांना पहिल्यापासून पटत नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं, पांढऱ्या कापडात बांधलेला ग्रंथ काढला, खुणेच्या दोऱ्याशी उघडून टेबलावर ठेवला आणि म्हणाले की बरं झालं, याला ना बॅटरी लागते ना अपडेट येतो.

वंदना झाली. सगळ्यांबरोबर प्रकाशबाबूंनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. मग चाळीसेक माणसं सावरून बसली आणि वाट पाहू लागली.

ग्रंथाचं पान त्यांच्यापुढे उघडं होतं. पांढरं पान, मधे धुकं. पण एकोणीस वर्षं वाचलेलं होतं, आणि आज कोणता भाग आहे हे सोनालीकडून त्यांनी काढून घेतलं होतं. त्यांनी डोळे पानावर लावले आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं, मग एकामागून एक येतच गेली. आवाज तोच, थांबायच्या जागा त्याच. दादाजी मान डोलवायला लागले. चार-पाच मिनिटांनी बाबूंनाही धीर आला. जमतंय की, असं त्यांना वाटलं. तीन महिने असेच काढू, पुढचं पुढे.

पुढच्याच रांगेत चंद्रकलाबाई बसल्या होत्या. जन्म कापूस वेचण्यात गेला, शाळा पाहिली नाही. वर्षावासात मात्र त्यांचा एक दिवस चुकत नसे. लिहिलेलं कळत नसल्यामुळे त्या वाचणाऱ्याच्या हातांकडे पाहत बसत.

"बाबू," बोलण्यात जराही खोच न ठेवता त्या म्हणाल्या, "पान पलटवा न. केव्हाचं एकाच पानावर हाये तुम्ही."

बाबू थांबले. त्यांचा हात पानाकडे गेला. कारणं भराभर सुचत होती. लक्ष नव्हतं म्हणता आलं असतं. हा भाग पाठच आहे म्हणता आलं असतं, ते अर्धं खरंही होतं. पण दहा मिनिटांपूर्वी याच लोकांत बसून, याच तोंडानं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं शील घेतलं होतं. ते आयुष्यभर रोज घेतलं होतं म्हणा. आज ते आडवं आलं.

"मले दिसत नाही," प्रकाशबाबू म्हणाले. "दोन साल झाले. कागदावरचं काहीच दिसत नाही."

सुमेधनं खाली पाहिलं. शेवटी दादाजींनी घसा खाकरून सोनालीला पुढे बोलावलं. प्रकाशबाबू उठले, टेबलाच्या कडेला हात लावत बाहेर आले आणि चंद्रकलाबाईंनी सरकून दिलेल्या जागेत सतरंजीवर बसले. एकोणीस वर्षांत त्यांनी हा ग्रंथ समोर बसून कधी ऐकला नव्हता. सोनाली छान वाचत होती, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

बायकांच्या बाजूला रजनीताई बसल्या होत्या. त्यांनी ते चाळीस जणांबरोबरच ऐकलं. घरी जाताना नालीपाशी त्यांनी नवऱ्याचा कोपर धरला. घरी आल्यावर म्हणाल्या, सोमवारी नागपूरला जायचं.

सोमवारी डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून तासभर बसवलं, मशीनवर फोटो काढले. उजव्या डोळ्यानं आता बारीक काही दिसणार नाही. डाव्यात सूज आहे, सुया देऊन तो आहे तिथं थांबवता येईल, मोठी अक्षरं वाचता येतील. तुम्ही दोन वर्षांपूर्वी आला असता तर उजवाही वाचण्यासारखा होता, असं डॉक्टर सरळ म्हणाले. आणि मग त्यांनी विचारलं की एवढे दिवस भागवलं कसं. बाबूंनी चौकोनी चित्राचं सांगितलं, सौंसरच्या चिठ्ठीचंही सांगितलं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

परतीच्या गाडीला वेळ होता. नागपूर स्टेशनच्या बाकावर दोघं बसली. थेंबांमुळे बाबूंना उजेड सहन होत नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी पुन्हा कंपनीचा विषय काढला. म्हणजे पाहा, एखाद्याच्या गरजेची वस्तू, आणि साधं विचारतसुद्धा नाहीत.

रजनीताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या टॅबले दोन सालापासून मालूम होतं," त्या म्हणाल्या. "मले शनिवारी समजलं. तेही सगळ्याइच्या संगं."

गाडीची घोषणा झाली, ती दुसऱ्याच गाडीची होती. प्रकाशबाबू पूर्ण वळून बायकोकडे पाहायला लागले. साडीचा रंग कळत होता, केस कळत होते. मधे चेहरा होता, पण त्यावर काय आहे ते कळत नव्हतं. दोन वर्षं ते आवाजावरून अंदाज बांधत आले होते. आज तिचा आवाज अगदी साधा होता.

"रजनी," त्यांनी विचारलं, "तू रडून राहिली काय?"

"हो," रजनीताई म्हणाल्या.