सुंदराबाईच्या आवाजातलं ॲप

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली आणि जो तो दोन-तीन औषधं एकत्र करून फवारू लागला. विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात भरती होऊ लागली. तेव्हाच अकोल्यात कृषीचं शिकलेल्या रश्मीनं आणि अमरावतीत सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या जेबानं ठरवलं, की कोणतं औषध कशात मिसळू नये, भोवळ आली तर काय करावं, हे सांगणारं ॲप काढायचं. बाटलीवरची अक्षरं ज्यांना वाचता येत नाहीत, त्यांच्याशी ते बोलणार होतं. आवाज दिला रश्मीच्या मावशीनं, चांदूर रेल्वेजवळ शेती करणाऱ्या सुंदराबाईनं. रश्मी समजावून सांगायची, निरक्षर मावशी ते आपल्या शब्दांत बोलायची.

ॲप झालं, पण प्ले स्टोअरवर चढेना. तिथं शंभर एमबीच्या वरची फाइल चालत नव्हती. यांची भरली एकशे चाळीस.

"आवाज काढून टाकू. नुसतं लिहिलेलं ठेवू," जेबा थकून म्हणाली.

"मंग माह्या मावशीनं काय करावं?"

जेबा पुन्हा कामाला बसली. तिनं सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. 'तोंडाले फडकं बांध' हे वाक्य प्रत्येक औषधाच्या रेकॉर्डिंगमध्ये होतं. अशी वाक्यं तिनं एकेकदाच ठेवली. लागेल तिथं ॲपच ती जोडून घेईल, अशी सोय केली. फाइल बावीस एमबीवर आली.

ॲप चढवल्यावर तिसऱ्या दिवशी स्टोअरचा नकार आला. ॲप लोकांच्या फोनमधले नंबर कशासाठी मागतं?

"आपण कधी मागितले?" रश्मी चिडली.

जेबानं शोधलं. बाहेरून घेतलेला एक तयार भाग गुपचूप नंबर मागत होता. तिनं तो उपटून टाकला, त्याचं काम स्वतः लिहिलं आणि पुन्हा पाठवलं.

गुरुवारी दुपारी मंजुरीचा मेल आला. जेबा ऑफिसात खुर्चीवरून उठून ओरडलीच. तिनं रश्मीला फोन लावला, रश्मीनं मावशीला.

सुंदराबाईनं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभं राहून फोनमध्ये ॲपचं नाव उच्चारलं, उतरवून घेतलं आणि बाटलीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"वाऱ्याच्या समोर तोंड करून फवारू नको!" तिचाच आवाज खणखणला. शेजारच्या वावरातली शकुन पंप पाठीवर घेऊन वळून पाहू लागली.

आठवड्यानं अंजनगाव सुर्जीहून रामराव नावाच्या अनोळखी माणसाचा, ॲपमध्ये दिलेल्या नंबरवर, जेबाला फोन आला.

"औषधाच्या दोन बाटल्या उघडून ठेवल्या होत्या, ताई. तुमची बाई म्हणाली मिसळू नको. नाई मिसळल्या."

"थांबा, काका," जेबा म्हणाली. तिनं सुंदराबाईला त्याच फोनवर जोडून घेतलं. "आता हेच मावशीले सांगा!"