बशीतलं रक्त

शाळेच्या पटांगणात ताडपत्र्यांखाली पूरग्रस्त राहत होते. सकाळपासून तिथे रांग होती ती अंगारा देणाऱ्या एका बाबांपुढे. दहा पावलांवर पोलिओ लसीच्या टेबलापाशी नर्सबाईंशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"द्या चार थेंब, बाई. घाबरता कशाला?" बाबांनी नर्सबाईंना डिवचलं. त्यांनी दिले. बाबांनी आपल्या तांब्यातलं तीर्थ पांढऱ्या बशीत ओतलं आणि थेंब त्यात सोडले. तीर्थ लालभडक झालं.

"रक्त," बाबा शांतपणे म्हणाले. "हे लेकरांच्या पोटात घालणार? त्यापेक्षा माझा अंगारा लावा."

नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं. पुराचा निधी पुरासाठी, कॉलऱ्याचा कॉलऱ्यासाठी. पोलिओचा तीन कार्यालयांच्या सह्यांत अडकलेला. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी आठवडाभर उंबरे झिजवून कॉलरा पथकाची गाडी आणि लस थंड ठेवायला बर्फाची पेटी एका दिवसासाठी उसनी मिळवली होती. संध्याकाळी पाचला दोन्ही परत जाणार होत्या.

रांगेत शिलाईकाम करणारी एक बाई धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. थोरलीचा पाय महिन्यापूर्वी लुळा पडला होता.

"वहिनी, त्याला इकडे आणा," नर्सबाई तिला म्हणाल्या.

"डोळ्यांनी पाहिलं मी, बाई."

"मीही पाहिलं. तांब्याच्या तळाशी पांढरा गाळ आहे, तोही पाहिला."

नर्सबाई संडासांकडे गेल्या. तिथे टाकायला कॉलरा पथकाने आणलेल्या चुन्याचं एक पोतं कालच कुणीतरी फोडलं होतं. त्यातला मूठभर चुना त्यांनी पाण्यात ढवळला, वरचं पाणी निवळेपर्यंत थांबल्या आणि ते रांगेसमोर आणून दुसऱ्या बशीत ओतलं. चार थेंब टाकले. तसंच लाल.

"माझं तीर्थ चोरलं," बाबा म्हणाले.

"संडासाचा चुना आहे, बाबा. हवा तेवढा घ्या."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

नर्सबाईंनी चहावाल्याकडून लिंबू घेतलं आणि दोन्ही बशांत पिळलं. लाल रंग पिवळा पडला.

"रक्त असं लिंबाने पिवळं होतं का? लसीत एक रंग असतो. चुन्यात लाल दिसतो, आंबटात पिवळा. बस."

"माझा अंगारा लावलेलं एकही मूल लुळं पडलेलं नाही," बाबांनी आवाज चढवला.

"माझ्या पोरीला पहिल्या तापापासून लावतेय," शिलाईवाली म्हणाली. "या तिच्याकडे. उठवून दाखवा."

बाबा अंगाऱ्याच्या पुड्या पिशवीत भरू लागले.

ती टेबलापाशी आली. "थोरलीचा पाय बरा होईल का हो, बाई?"

"लसीने नाही होणार. खोटं सांगणार नाही. याचा वाचावा म्हणून धडपड आहे. पुढच्या फेरीलाही आणायचं, एकदा देऊन भागत नाही."

तिने पोराचं तोंड उघडलं.

पाचला पथकाचा ड्रायव्हर आला तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती.

"पथकाला सांगा, रांग संपल्यावर गाडी मिळेल," नर्सबाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि चुन्याबद्दल आभार."

दोन्ही बशा त्यांनी टेबलावरच ठेवल्या, शेजारी चुना, लिंबू आणि एक रिकामी बशी. ज्याला शंका असेल त्याने स्वतः करून पाहावं. जो करून पाहू देत नाही, त्याच्या हाती आपलं मूल देऊ नये.