नाही म्हणणारी माणसं

हर्षा रामटेके घुग्घुसची. बाप, श्रीहरी, कोळसा खाणीत होता. एका खासगी मेडिकल कॉलेजात ती एमडीच्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा तिथे संशोधनाचं प्रशिक्षण लागलं. एमडी व्हायचं तर थीसिस लिहावाच लागतो. तो नीट कसा करायचा हे शिकवायला बाहेरून डॉ. जरीना काझी आल्या होत्या.

जरीना मॅडमनी फळ्यावर काही लिहिलं नाही. स्वतःच खुर्चीत पेशंट होऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझी संमती घ्या."

एका मुलाने छापील फॉर्म वाचायला घेतला, "सदर संशोधनात मी स्वेच्छेने..."

"मले नाई समजलं," मॅडम म्हणाल्या. सगळे हसले.

मग हर्षा उठली. फॉर्म बाजूला ठेवून तिने सांगितलं, "बाई, हे रक्त तुमच्या औषधासाठी नाई. आमाले शिकायचं आहे, त्याच्यासाठी आहे. नाई द्यायचं असंन तर नका देऊ. औषध तरीबी भेटते."

"मंग नाई देत."

हर्षा क्षणभर गडबडली. मग म्हणाली, "बरं."

पुढच्याच आठवड्यात तिचे गाइड डॉ. बोकाडे तिला पोंभुर्ण्याकडच्या एका गावात घेऊन गेले. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा कॅम्प होता. या आजारात काहींना हाडं फोडणाऱ्या कळा वारंवार येतात, काहींना क्वचित. असं का होतं, ते रक्त तपासून शोधायचं, हा हर्षाच्या थीसिसचा विषय. नमुने नागपूरला जाणार होते.

ती ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये शिरली तेव्हा काम सुरू झालेलं होतं. एकाच टेबलावर गोळ्यांची पाकिटं, शाईचा पॅड आणि फॉर्मचा गठ्ठा. अंगठा उमटवायचा, रक्त द्यायचं, गोळ्या घ्यायच्या. लोकांना ती एकच रांग वाटत होती.

"सर, यांना सांगितलंय का?"

"सांगत बसलीस तर संध्याकाळ होईल. बस तिथे आणि सह्या कर."

संशोधक म्हणून प्रत्येक फॉर्मवर तिचीच सही लागत होती. हर्षा बसली नाही. ती रांगेपुढे उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "भाऊ, बाई, जरा ऐका. गोळ्या सगळ्याईले भेटतीन. रक्त द्या, नका देऊ, गोळ्या भेटतीनच. रक्त माह्या अभ्यासासाठी पाह्यजे. ज्याले द्यायचं नसंन त्यानं नाई म्हनावं."

रांगेतला वारलू आत्राम पुढे आला. त्याला स्वतःला सिकलसेल होता, त्याच्या मुलीलाही. मुलगी त्याच्या दंडाला धरून उभी होती.

"मांगंबी नेलं होतं रक्त," तो म्हणाला. "काय निंगालं त्याच्यात?"

"मले माहीत नाई, भाऊ."

"कोनी येऊन सांगतलं नाई. पोरीचं नाई देत मी. माहंबी नाई देत."

गोळ्या घेऊन तो निघून गेला. त्याच्यामागे आणखी लोक सरकले. रक्त द्यायला जेमतेम चार माणसं उरली.

बोकाडे तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले. "थीसिस बुडवलास तू स्वतःचा. आधी जेवढे नमुने घेतलेत, त्यांच्या फॉर्मवर तरी सही कर."

"न विचारता घेतलेत ते, सर."

"अंगठा आहे ना?"

"गोळ्यांसाठी दिलाय त्यांनी तो."

"मी गाइड आहे की तू?"

"तुम्ही आहात, सर. पण नाव माझं लागतंय. मी सही करणार नाही."

 

त्यानंतर बोकाड्यांनी तिच्या कुठल्याच कागदावर सही केली नाही. वॉर्डात सगळ्यांसमोर ते तिला 'समाजसेविका' म्हणू लागले. बरोबरचे रेसिडेंट समजावत, माफी माग, मोकळी हो. ती घुग्घुसला गेली तेव्हा आई, सत्यशीला, भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"परीक्षा लांबंन?"

"लांबंन."

"लांबू दे. कोनाचा अंगठा चोरून डाक्टर नोको होऊ."

हर्षाने कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे लेखी तक्रार केली. कमिटीने चौकशी केली, ते नमुने नष्ट करायला लावले. बोकाड्यांना समज मिळाली, त्यापलीकडे काही झालं नाही. हर्षाला नवा गाइड मिळाला आणि परीक्षा सहा महिने पुढे गेली.

त्या सहा महिन्यांत तिने आधी एकच काम केलं. गावातून मागे रक्त कुणी नेलं होतं, ते शोधून काढलं, अहवाल मिळवला आणि गावात जाऊन लोकांच्या बोलीत ज्याचा त्याला सांगितला. कुणाच्या घरात आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो, कुणी लग्नाआधी तपासणी करावी, हे त्यात होतं. ते या लोकांना तेव्हाच कळायला हवं होतं. एक म्हातारी तिथेच रडायला लागली. तिच्या दोन्ही नातींची लग्नं तपासणी न करताच होऊन गेली होती.

त्यानंतर काहींनी आपणहून रक्त दिलं. वारलूने दिलं नाही. "तुमी चांगल्या आहा," तो म्हणाला, "पन माहं नाईच आहे." हर्षाने त्याच्या मुलीला तपासून तिच्या गोळ्यांची मात्रा वाढवून दिली आणि पुढच्या तपासणीला कधी यायचं ते समजावलं.

थीसिस आटोपशीर झाला. किती जणांनी नकार दिला आणि का, हे तिने पहिल्याच प्रकरणात लिहिलं. नवे गाइड म्हणाले, एवढं ठळक कशाला? तिने खोडलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली. "इतके कमी पेशंट?"

"बाकीच्यांनी नाही म्हटलं, सर."

"समजावून सांगितलं असतं तर दिलं असतं त्यांनी."

"समजावून सांगितलं म्हणूनच नाही म्हटलं, सर."

परीक्षकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घेतली नाही. मग त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला.