क्षमेचा शब्दार्थ

१९२८ सालची अनंतचतुर्दशी. निपाणीजवळच्या त्या गावात जैनांची चाळीस घरं, आणि दहा दिवसांचं पर्व आज पुरं होणार म्हणून चाळीसही घरांत सकाळपासून एकच गडबड. शालनला तर यंदा अभिषेकाचं पाणी आणायचा मान मिळालेला. तिची नऊ वर्षांची ब्राह्मी चुलीपाशी बसून पाठशाळेच्या परीक्षेचे शब्दार्थ घोकत होती.

"क्षमा म्हंजे दुसऱ्याचा अपराध पोटात घालणे. मार्दव म्हंजे गर्व नसणे. आई, बघ, समदं पाठ झालं."

"लई शानी हाईस. आता वेणी घाल," म्हणत शालन ओलेत्यानं विहिरीवर गेली.

तिनं पोहरा ओढला, घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून पाणी गाळलं. मग फडकं उलटं धरून त्यावर थोडं पाणी ओतलं आणि ते पाणी हलकेच परत विहिरीत सोडलं. फडक्यात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव मरू नयेत, म्हणून हा रिवाज. शालननं तो जन्मात कधी चुकवला नव्हता.

डोळ्यांना दिसणारा एक जीव मात्र कट्ट्यापासून वीस पावलांवर, रिकामी घागर घेऊन बसला होता. वेशीबाहेरच्या झोपड्यांतली यल्लव्वा. त्यांची विहीर दोन सालांमागं ढासळली होती. गावच्या विहिरीला शिवायची त्यांना बंदी. कुणी वरून धार सोडील तेव्हाच त्यांची घागर भरायची. एरवी शालनच ती सोडायची, आणि आपण दयाळू आहोत असं तिला मनापासून वाटायचं.

"आक्का, आमच्या घागरीत बी वतासा वो. माझी लेक बाळव्वा दोन म्हैन्याची बाळंतीण हाय. घशाला कोरड पडलीया तिच्या."

"आज न्हाय गं. अभिषेकाचं पाणी हाय, सावली पडली तर परत न्हावं लागंल. थांब, येतीलच कुनीतरी."

आल्या की! एकामागून एक आल्या. पण पर्वाचा दिवस, सगळ्याच सोवळ्यात. प्रत्येकीनं मागून येणारीवर ढकललं आणि मागून कुणी आलंच नाही. ऊन डोक्यावर आलं तशी यल्लव्वा उठली आणि ओढ्याकडं गेली.

दुपारी परीक्षेत ब्राह्मी पहिली आली.

दुसऱ्या दिवशी सालगडी भरमूनं गोठ्यातून सांगितलं, "आक्का, यल्लव्वाची लेक गेली. ओढ्याचं पाणी पिलती. वरच्या गावात पटकी आलीया म्हनं."

शालनच्या हातातलं पीठ परातीत तसंच राहिलं. नवरा आप्पाण्णा म्हणाला, "आपन काय इख दिलंय व्हय तिला?"

"पाणी दिलं न्हाय," शालन म्हणाली.

त्याच्या पुढचा दिवस क्षमावाणीचा. वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या जीवमात्रांची क्षमा मागायची. गावभर हात जोडणं चाललं होतं. जाऊ जावेची मागत होती, व्याही व्याह्याची. ज्यांच्याबरोबर उद्या जेवायला बसायचं त्यांचीच क्षमा मागणं सोपं असतं! शालन मात्र वेस ओलांडून गेली. त्या चाळीस घरांतल्या कुणाही बाईनं आजवर तिथं पाऊल टाकलं नव्हतं.

यल्लव्वा नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. शालननं हात जोडले.

"यल्लव्वा, माझं चुकलं. पोटात घाल."

"पोटात घालू?" यल्लव्वानं वर पाहिलं. "माज्या लेकीच्या पोटात काय गेलं, ठावं हाय न्हवं, आक्का?"

शालनचे जोडलेले हात खाली आले. ती रडू लागली. यल्लव्वा रडली नाही.

"तुमास्नी क्षमा दिली तर माजं काय जानार न्हाय वो. पर उद्या बी तहान लागनार. ह्ये पोरगं घिऊन, घागर घिऊन, उद्या मी कुटं बसू, त्येवडं सांगा."

शालन घरी आली तेव्हा आप्पाण्णा दारात उभा होता. "न्हाऊन आत ये."

"मी न्हानार न्हाय. उद्या हिरीवर तिच्या हातात दोर देनार हाय मी."

"खुळी झालीस? गाव वाळीत टाकंल. उद्या ह्या पोरीला कोन करून घेनार?"

शालननं ब्राह्मीकडं पाहिलं. पोरीला जन्माचं घरी बसवायचं, की पोरीनं पाठ केलेला प्रत्येक शब्द खोटा ठरवायचा? मग ती म्हणाली, "टाकू दे. एक बाई पान्यावाचून मारलीया आपन. आता ह्ये भ्या नको."

सकाळी विहिरीवर तोबा गर्दी होती. शालननं यल्लव्वाचा हात धरला आणि तिला कट्ट्यावर चढवलं. बायका किंचाळत घागरी घेऊन मागं सरल्या. कुणीतरी पंचांना बोलवायला धावलं. शालननं दोर यल्लव्वाच्या हातात दिला.

यल्लव्वानं पोहरा सोडला. आठ-दहा हात दोर गेला नाही तोच तो पाण्याला टेकला. ती वाकून आत बघत राहिली. तीन दिवस कोरडे असलेले तिचे डोळे तेव्हा भरून आले.

"आक्का," ती म्हणाली, "पाणी येवड्याच अंतरावर हुतं व्हय वो?"

शालननं आपलं दुहेरी फडकं यल्लव्वाच्या घागरीच्या तोंडाला बांधलं.