डावीकडचा खड्डा

त्या वर्षी ती एकोणीस वर्षांची होती आणि प्रत्येक जुन्या वस्तूत कुणीतरी मुक्कामाला असतं, अशी तिची पक्की खात्री होती. ती स्वतः मात्र मुक्कामाला होती बाबांच्या कुशनच्या दुकानामागे, दोन खोल्यांत, जिथे प्यायच्या पाण्यातसुद्धा काथ्याचे धागे सापडायचे.

बाबा काम करताना बारीक खिळे ओठांत धरत, त्यामुळे त्यांचं बोलणंही खिळ्यांएवढंच असे. "लेखिकाबाई, कात्री." "लेखिकाबाई, जमिनीवर या." ती हातोडीची टकटक, तो गोणपाटाचा कोंदट वास आज आठवला की तिला भरून येतं. तेव्हा मात्र कधी एकदा यातून सुटते, असं झालं होतं.

अशात एका मास्तरीणबाईंनी यजमानांची खुर्ची दुरुस्तीला पाठवली. यजमान पोस्टात होते, वर्षापूर्वी गेले. तिनं कापड उसवलं, तर बैठकीत डावीकडे हा एवढा खड्डा! तिनं त्यात तळवा ठेवला आणि अंगावर सरसरून काटा आला. माणूस उठून गेला होता, बसणं मागे राहिलं होतं.

चार दिवसांत तिनं वही भरत आणली. गोष्टीतला माणूस कुठल्याशा गूढ आवाजाकडे कान लावून डावीकडे कलायचा. तो गेल्यावरही खुर्चीत असायचा. शेवटी बायको बसते आणि त्याला ओळखते. पण खरंच ओळखेल? ते कळल्याशिवाय तिचं पेन पुढे सरकेना.

बैठक भरायचं काम तिच्याकडेच होतं. तिनं सगळीकडे नवा काथ्या भरला, खड्डा तेवढा तसाच ठेवला आणि वर कापूस अंथरून कापड ताणलं. लहानपणापासूनचा हात, बाबांनाही कळलं नाही.

बाई आल्या, बसल्या, डावीकडे कलल्या. तिनं श्वास रोखला.

"अगं बाई!"

"ओळखलंत?" तिच्या तोंडून निसटलंच.

"न ओळखायला काय झालं? बावीस वर्षं मी यजमानांच्या मागे, दुरुस्त करून आणा म्हणून कानीकपाळी ओरडत होते. आणि तुम्ही नव्या कापडात गुंडाळून तोच खड्डा परत देताय होय हो, कुशनवाले?"

बाबांनी ओठांतले खिळे काढून हातात घेतले. म्हणजे आता पूर्ण वाक्य येणार होतं.

"कुणाचा हा शहाणपणा?"

"माझा. वाटलं, बाईंना बरं वाटेल. ते... असल्यासारखं."

"ती खुर्ची आहे, तुझी वही नाही. उसव."

"रागावू नका हो पोरीला," बाई म्हणाल्या, "पण भर हं, चांगला ठासून."

कानापर्यंत लाल होत तिनं बाईंच्या समोरच कापड उसवलं. मूठमूठ काथ्या कोंबताना शेजारच्या स्टुलावरून बाईंचं चालूच होतं. पेपर वाचताना यजमानांचे ओठ कसे हलायचे, चष्मा डोक्यावर असताना घरभर कसा शोधायचे. "आणि पाकीट! उजव्या मागच्या खिशात, हे एवढं जाड. ते काढायचा कंटाळा, म्हणून जन्मभर डावीकडे कलून बसले."

पाकीट! तिची मान आणखी खाली गेली. बाबा मात्र खिळ्यांच्या डब्यात बघून हसत होते.

शेवटचा खिळा बसला. बाई पुन्हा बसल्या. सवयीनं डावीकडे सरकल्या, पण बैठकीनं त्यांना सरळ केलं. पुन्हा थोड्या सरकल्या. पुन्हा सरळ. दोन्ही हात मांडीवर घेऊन त्या समोर बघत राहिल्या.

"झाली ना नीट?" बाबांनी विचारलं.

"छान झाली." मग कुणाला पोचवायला आल्यावर, त्याची बस सुटली की माणूस बोलतो तशा आवाजात म्हणाल्या, "गेले हं आता ते."

ते इतके दिवस खुर्चीत होते याचा तिला हवा होता तो पुरावा समोर सरळ पाठीनं बसला होता आणि आत जाऊन वही उघडावी, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत नव्हतं. हातांना चिकटलेला काथ्या तिनं झटकला.

"चहा टाकू, बाई?"

"टाक," बाई म्हणाल्या. "आणि ये अशी जवळ बस. तुला अजून कुठे काय सांगितलंय त्यांचं."