रीटाला रविवार का आवडतो

"रीटाला रविवार का आवडतो?" दिपालीने पुन्हा विचारलं.

"शाळा नसते म्हणून," प्रज्योत म्हणाला.

"असं उताऱ्यात कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला पायजे? कुठल्याही पोराला विचार."

दिपालीने डोळे मिटले. ती मुरुडच्या एका शाळेत पहिली-दुसरीला इंग्रजी शिकवायची. वर्गात चाळीसेक पोरं, वर पत्र्याचं छप्पर, तरी तिथून येताना ती एवढी दमलेली नसायची. इंग्रजी उताऱ्यात स्वच्छ लिहिलं होतं की रविवारी रीटा बाबांबरोबर बाजारात जाते, बाबा तिला आइस्क्रीम घेऊन देतात, आणि म्हणून तिला रविवार आवडतो. 'म्हणून' हा शब्दसुद्धा होता. तिने पेन्सिलीने त्याखाली रेघ मारली आणि पुस्तक नवऱ्यापुढे सरकवलं.

प्रज्योतने वाचलं. "आइस्क्रीम काय, ते सोमवारी पण मिळेल," तो म्हणाला. "शाळा नसणं हे खरं कारण."

"खरं कारण नकोय. उताऱ्यातलं कारण हवंय."

"त्या रीटाला आय न्हाय काय?" सासूबाईंनी विचारलं. मनुबाई भिंतीला टेकून भिजवलेले वाल सोलत होत्या. "सारखी आपली बापासंगं."

"आहे हो आई. ती घरी असते."

"मग आइस्क्रीम एकटीच खाते? आयला न्हाय आनत?"

"असं काही लिहिलेलं नाही," दिपाली म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

प्रज्योत खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला, एका कंपनीच्या जेट्टीवर कामाला होता. क्रेन चालवणाऱ्याला खालून हाताने इशारे द्यायचे, हे त्याचं काम. रोज आगरदांड्याहून फेरीबोटीने जायचा, संध्याकाळी घामाने खारटलेला शर्ट घेऊन परत यायचा. कामात तो चोख होता. त्याला सुपरवायझर करायला वरचे साहेब तयार होते, पण सुपरवायझरला सूचनांचे कागद इंग्रजीत येतात, म्हणून कंपनीने वाचनाची परीक्षा ठेवली होती. चार उतारे, प्रत्येकाखाली प्रश्न. मागच्या खेपेला प्रज्योत त्यात नापास झाला होता. त्याला इंग्रजी अक्षरं येत होती, शब्दही बऱ्यापैकी कळत होते. मग अडतंय कुठे, ते त्याला समजत नव्हतं. दिपालीलाही सुरुवातीला समजलं नव्हतं.

पुस्तक तिने शाळेतून आणलं होतं. रोजच्या जगण्यातले विषय होते. बाजार, वाढदिवस, दाताचा डॉक्टर, पाऊस, बँक. सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. पण विषय रोजचे असल्यामुळेच सगळा घोटाळा होत होता. प्रत्येक विषयात प्रज्योतचं स्वतःचं काहीतरी मत असायचं.

टॉमस नावाचा माणूस दुकानातून मासा घेतो आणि त्याची बायको म्हणते, छान ताजा आहे. मासा कसा होता, असा प्रश्न. प्रज्योतने लिहिलं, शिळा. का, तर दुकानात बर्फातला मासा ठेवलाय म्हणजे किमान तीन दिवसांचा, आणि टॉमसच्या बायकोला मासा घेता येत नाही.

"तिला येत नसेल," दिपाली म्हणाली. "पण तुम्हाला एक मार्क मिळणार नाही."

"खोटं लिहून मार्क घेऊ काय?"

"हो. घ्या."

त्यांची दुसरीतली मुलगी मनाली एकदा आतून ओरडून उत्तर सांगून गेली. तिला ते सगळे उतारे तोंडपाठ होते. त्या दिवशी प्रज्योतने पुस्तक बाजूला ठेवलं ते दोन दिवस हात लावला नाही. तेव्हापासून मनाली खेळायला गेली की अभ्यास, असं ठरलं. म्हणजे भाकऱ्या टाकायच्या वेळेला. एका हाताला पीठ आणि दुसऱ्या हातात रीटा, अशी दिपालीची संध्याकाळ जायची.

शेवटी तिने पुस्तक सोडलं आणि स्वतःच उतारे लिहायला घेतले. मुरुडहून येताना एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली की मांडीवर कागद ठेवून लिहायची. प्रज्योतच्या ओळखीचं काहीतरी द्यावं, म्हणजे तो टॉमसवर रागावणार नाही, असा तिचा हिशेब. पहिला उतारा फेरीबोटीचा होता. बोट रोज आठला सुटते. भागोजी रोज त्या बोटीने जातो. पण सोमवारी इंजिनात बिघाड झाला, म्हणून बोट दहाला सुटली. भागोजीला उशीर झाला.

"सोमवारी बोट किती वाजता सुटली?"

"आठ," प्रज्योत लगेच म्हणाला.

दिपालीने कागद त्याच्या हातातून घेतला, आणि परत दिला. "पुन्हा वाचा. मोठ्याने."

त्याने दोन वाक्यं मोठ्याने वाचली आणि मान वर केली. "आठच की."

"पुढे वाचा."

"पुढे काय, भागोजी कामावर गेला असेल."

तेव्हा तिला कळलं. तो वाचतच नव्हता. पहिल्या दोन ओळी वाचायचा, मामला काय आहे ते ताडायचा आणि उरलेलं स्वतःच्या मनाने पुरं करायचा. क्रेनखाली उभं राहून त्याला तीच सवय लागली असेल. लोखंड हलायच्या आधी ते कुठे जाणार ते ओळखायचं. पण हा माणूस घरीही तेच करतो, हे तिच्या त्याच क्षणी लक्षात आलं. ती "आज शाळेत" म्हणाली की तो "मोठ्या बाई बोलल्या असतील" म्हणायचा. ती "आईंची तब्येत" म्हणाली की तो "गोळ्या संपल्या ना, आणतो" म्हणायचा. तिचं वाक्य कधी पुरं व्हायचंच नाही. इतकी वर्षं ती याला मनातल्या मनात घाई म्हणत आली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीत तिने लिहायला घेतलं तेव्हा विषय ठरवलेला नव्हता. शीला नावाची बाई शाळेत शिकवते, असं पहिलं वाक्य झालं. शीलाला अलिबागला जायचं आहे, हे दुसरं. मग पेन थांबेना. अलिबागला इंग्रजी शिकवणाऱ्या बायकांसाठी वर्षभराचा कोर्स आहे. शनिवारी आणि रविवारी. तो केला की शीलाला मोठ्या वर्गांना शिकवता येईल. शीलाने नवऱ्याला सांगायला सुरुवात केली. नवरा म्हणाला, जा की, येताना आईच्या गोळ्या आण. त्याला वाटलं, ती एका दिवसासाठी जात आहे. शीला गप्प बसली. अर्जाची मुदत संपून गेली.

खाली तिने प्रश्न लिहिले. शीलाला अलिबागला का जायचं आहे, हा पहिला.

संध्याकाळी प्रज्योतने कागद हातात घेतला, नजर टाकली आणि म्हणाला, "बाजाराला."

दिपालीने परातीतलं पीठ तसंच सोडलं. ती मागच्या दारी गेली, दगडावर बसली आणि स्वच्छ असलेलं पातेलं घासायला लागली.

"काय झालं गो?" आतून मनुबाईंचा आवाज आला. "चूक हाय का उत्तर?"

बऱ्याच वेळाने प्रज्योत मागच्या दारात आला. त्याच्या हातात तो कागद होता आणि बोट शेवटच्या ओळीवर होतं, जणू बोट उचललं तर जागा हरवेल.

"हे तू मला सांगितलं होतंस?"

"सांगत होते."

"कधी?"

"मागच्या वर्षी. तुम्ही चहा पीत होतात."

त्याने आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला. तिच्या डोक्यात ते वर्षभर कुसळासारखं रुतून बसलं होतं आणि याला पत्ताही नव्हता.

"गोळ्या आणल्या होत्यास का?" त्याने विचारलं.

"अहो, मी गेलेच नाही अलिबागला."

"व्हय. तसं लिवलंय." तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "पण मग तू परत का नाही सांगितलंस?"

"तुम्ही उत्तर देऊन टाकलं होतं."

"चुकीचं दिलं होतं ना? माझी चुकीची उत्तरं तू रोज खोडतेस. रीटाचं खोडतेस, टॉमसचं खोडतेस. ते एक का नाही खोडलंस?"

दिपालीच्या हातातला घासणीचा चोथा थांबला. आपण तेव्हा गप्प बसलो, आणि गप्प बसल्यावर जरा बरंही वाटलं होतं, कारण पुढे सासूबाईंना विचारायचं, मनालीचं काय करायचं, हे सगळंच टळलं होतं. हे तिने त्याला सांगितलं नाही. "माहीत नाही," एवढंच म्हणाली, आणि ते खरं नव्हतं म्हणून तिची चिडचिड आणखीनच वाढली.

सकाळी डबा भरताना प्रज्योतने विचारलं, "यंदाची मुदत कधी?"

"या महिन्याअखेर. कोर्स जूनपासून."

"शनिवार-रविवार?"

"हो. दोन्ही दिवस. वर्षभर. सकाळी जायचं, रात्री यायचं." या वेळी तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याने मध्ये तोंड उघडलं नाही. उघडणार होता, ते तिला दिसलं.

मनुबाईंना मात्र हे पसंत नव्हतं. "दोन दोन दिस बाय घरात न्हाय, म्हंजे भात कोन शिजवनार?"

"मी शिजवीन," प्रज्योत म्हणाला.

"तू?" मनुबाई म्हणाल्या. आठवडाभर त्या दोघांशीही तुटक बोलत राहिल्या. पण दिपालीने अर्ज भरून टाकला.

परीक्षा मे महिन्यात होती. शेवटच्या आठवड्यात दिपालीने एकच गोष्ट घोकून घेतली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, मग प्रश्नाकडे बघायचं. प्रज्योतही हट्टाला पेटला. फेरीबोटीतल्या लाइफ जॅकेटवरची सूचनासुद्धा तो शेवटपर्यंत वाचायचा आणि घरी येऊन सांगायचा. दिपालीला आशा वाटायला लागली.

परीक्षेच्या दिवशी ती शाळेला लागलेल्या सुट्टीमुळे घरीच होती, पण राहवेना, म्हणून आगरदांड्याच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिली. बोट लागली. गाड्या उतरल्या, माणसं उतरली, आणि प्रज्योत शांतपणे चालत आला.

"कसे होते उतारे?"

"सोपे. तीन उताऱ्यांची सगळी उत्तरं बरोबर आली असतील."

"तीन उताऱ्यांची," दिपाली म्हणाली. "आणि चौथा?"

"वेळ संपला."

"संपला कसा?" दिपालीने विचारलं.

"तूच म्हणालीस ना, शेवटपर्यंत वाच. मी प्रत्येक दोनदा वाचला. दुसरा तर तीनदा. पहिल्यांदा वाचताना काहीतरी सुटलं असेल असं वाटायचं."

"शेवटपर्यंत म्हटलं होतं," दिपाली म्हणाली. "दोनदा नव्हतं म्हटलं. कधीतरी म्हटलं होतं का मी दोनदा?"

"नाही."

"चौथा कशावर होता?"

"बघितलाच नाही."

ती धक्क्याच्या कठड्यावर बसली. उन्हाने दगड तापलेला होता, तरी बसली. तिला रडावंसं वाटत होतं आणि याच्या पाठीत एक धपाटाही घालावासा वाटत होता, आणि समोर माणसं होती. प्रज्योत तिच्या शेजारी उभा राहिला. म्हणाला, "तीन तर बरोबर आले. मागल्या टायमाला एक पण धड नव्हता." हे म्हणताना त्याच्या आवाजात जो आनंद होता, तो ऐकून ती आणखीनच हताश झाली.

निकाल लागला. थोडक्या मार्कांनी गेलं होतं. साहेब म्हणाले, दिवाळीनंतर पुन्हा बस.

जूनमध्ये दिपालीचा कोर्स सुरू झाला. शनिवारी आणि रविवारी ती अलिबागला जायची, आणि बाकीचे दिवस तिला स्वतःचाच अभ्यास असायचा. पहिल्याच शनिवारी प्रज्योतने भात लावला आणि तो खाली लागला. मनुबाईंनी करपलेला थर खरवडून बाजूला ठेवला आणि दिपाली घरात शिरल्या शिरल्या तिला दाखवला. दुसऱ्या शनिवारी त्यांनी स्वतःच कुकर लावला आणि मुलाला वाल सोलायला बसवलं.

नवऱ्याला शिकवणं आता आपल्याच्याने होणार नाही, असं दिपालीने सांगून टाकलं. मुरुडला रुचिका नावाची एक नवीन मुलगी मोठ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग घ्यायची. तिथे प्रज्योतने नाव घातलं. पहिल्या दिवशी तो परत आला तो चपला काढता काढताच बोलायला लागला.

"मॅडम म्हणाल्या, तुमचं वाचन फार नीट आहे. सगळ्यांत नीट. बाकीचे लोक नुसता अंदाज मारतात."

दिपाली जमिनीवर पुस्तकं पसरून बसली होती. "हो का."

"विचारत होत्या, आधी कुठे शिकलात का म्हणून."

"मग?"

"म्हटलं, नाही. घरीच थोडं बघत होतो."

"घरीच थोडं," दिपाली म्हणाली.

"मग काय सांगू? बायको शिकवायची म्हटलं तर वर्गातली सगळी पोरं हसली असती."

ती काहीतरी बोलणार होती. पण दुसऱ्या दिवशी अलिबागच्या वर्गासाठी वाचून न्यायचा एक लांबलचक उतारा तिच्यापुढे उघडा पडला होता, आणि तिची अजून पहिलीच दोन पानं झाली होती. तिने पेन्सिल उचलली. प्रज्योतही आपलं पुस्तक घेऊन तिच्यासमोर बसला आणि पुटपुटत वाचायला लागला. एक शब्द, मग पुढचा, मग पुन्हा मागचा.

"ओठ मिटून वाचा," दिपाली म्हणाली.

त्याने ओठ मिटले. दोन ओळींपर्यंत ते तसेच राहिले, मग पुन्हा हलायला लागले.