काटेबाईंचा हात

प्रदर्शनाच्या शेडमध्ये माइकवाल्याने "आता पैदाशीचे बोकड!" अशी आरोळी ठोकली. एरवी या आरोळीने परीक्षक काटेबाईंना हुरूप यायचा. आज त्यांनी तळवे चोळले, बोटं मोडली, तरी ती बोटं दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी हाताला लटकत राहिली.

काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बोकडाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की मांस कुठे आणि नुसतं कातडं कुठे, हे त्या तराजूच्या काट्यासारखं अचूक सांगत, म्हणून ते पडलं. त्यांच्या जिभेमुळे पडलं असं म्हणणारेही होते, पण ते हरलेल्या बोकडांचे मालक.

त्याच हाताने, आणि पाठोपाठ दुसऱ्यानेही, हिवाळ्यापासून दगा दिला होता. आधी मुंग्या आल्या, मग बधिरपणा. दोन्ही हातांच्या नसा दबल्या आहेत, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. संवेदना परत येईलच असं मात्र ते बोलले नाहीत. बाईंनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण एका सकाळी त्यांनी दुधाचं उकळतं पातेलं उघड्या हातांनी उचललं आणि सावकाश नेऊन ओट्यावर ठेवलं. सून दारातच उभी होती.

"आई, पोळलं नाही?"

"सवय असते गं हाताला."

आज सून "मीही येते" म्हणून हटूनच बसली, आणि आता पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. शेपूट कुठलं आणि कान कुठला, एवढंच तिचं या धंद्यातलं ज्ञान. तिची नजर बोकडांवर नव्हतीच.

इथे पहिला येणारा बोकड पैदास केंद्रावर जायचा, आणि आसपासच्या सगळ्या शेळ्या त्याच्याकडे आणल्या जायच्या. त्याच्या बांध्यात खोट राहिली तर ती गोठ्यागोठ्यातल्या करडांत उतरणार. म्हणून परीक्षकाने प्रत्येक जनावराला जबड्यापासून मांडीपर्यंत हात लावायचा आणि मगच तोंड उघडायचं, असा इथला दंडक. तो दंडक घालून देण्यासाठी समितीशी भांडल्या होत्या त्या काटेबाईच.

आज डोळ्यांवर भागवून नेऊ, असं त्यांनी मनाशी घोकलं. बरंचसं भागलंही. ओठ वर करून त्यांनी जबडे पाहिले. एकाचा खालचा जबडा पुढे आला होता, तो बाद. मागून चालवून पायांची ठेवण पाहिली. एकाचे घोटे चालताना एकमेकांना घासत होते, तोही बाद. वृषण सारखे आहेत का, छाती रुंद आहे का, हे दिसतंच. पाठीवरून मात्र त्या नेहमीच्या ऐटीत नुसताच हात फिरवत गेल्या, आणि लोक नेहमीसारखेच श्वास रोखून बघत राहिले.

मग सलूनवाल्याचा बोकड आला. सलूनवाला दिवसभर लोकांच्या हजामती करायचा आणि उरलेल्या वेळात बोकडाची. बोकड असा चकचकीत, की कुणीतरी मागून "नवरदेव आला!" म्हणून ओरडलं आणि सगळी शेड हसली. भरदार मांड्या, ताठ मान, आणि पाठ तर जमिनीला समांतर. बाईंनी खांद्यापासून कमरेपर्यंत हात नेला आणि मान डोलावली.

"पहिला," त्या म्हणाल्या. माइकवाल्याने ते दुप्पट आवाजात सांगितलं. टाळ्या पडल्या. सुटले एकदाची, असं बाईंना वाटलं.

फीत बांधायला सलूनवाल्याने बोकड पुढे आणला, तो थेट मोठ्या पंख्यासमोर. वारा पाठीवरून गेला. खांद्यामागच्या हातभर जागेतले केस भुरभुर उडाले. पुढचे आणि मागचे जागचे हलले नाहीत.

काटेबाई पुढे वाकल्या. बाकीचे केस बारीक कापले होते आणि तेवढेच लांब ठेवले होते. खड्डा असल्याशिवाय कोण भरतं? पाठ खांद्यामागे खचलेली असणार. त्यांनी घाईघाईने तिथे बोटं दाबली, मग अंगठा, मग पूर्ण तळवा. काहीच कळेना. खड्डा असेल, नसेल.

गप्प बसता येत होतं. फीत माइकवाल्याच्या हातात तयार होती, लोक चहाकडे वळत होते, कुणालाही संशय नव्हता. आणि बोलायचं तरी काय? नुसत्या केसांवरून एखाद्याला खोटं पाडायचं? की माझा हात मेला आहे, असं या सगळ्यांसमोर सांगायचं? या हाताशिवाय आपल्याला कोण विचारणार, ही भीती त्यांना गेले कित्येक महिने कुरतडत होती.

त्यांनी वर पाहिलं. सून पर्स छातीशी धरून उभी राहिली होती.

"इकडे ये," बाई म्हणाल्या. "अगं, ये इकडे. बोटं दे तुझी."

"ह्या कोण आता?" सलूनवाला उसळला. "काकू, निकाल लागलाय! ह्यांना काय कळतंय बोकडातलं?"

"काही नाही कळत. फक्त हाताला लागेल ते सांगेल ती."

सुनेने भीतभीत हात पुढे केला. बाईंनी तिचं मनगट धरून बोटं केसांत खुपसली आणि खांद्यापासून मागे नेली.

"इथे खोल जातंय, आई," सून हळूच म्हणाली. "वाटीसारखं. पुढे परत वर येतंय."

"नीट दाब."

"दाबलंय. खड्डाच आहे."

सलूनवाल्याची मान खाली गेली. बाईंनी माइक मागून घेतला.

"पाठ खचलेली आहे. पहिला नंबर मी परत घेते." त्या थांबल्या. पुढचं बोलायची गरज नव्हती, लोकांनी सलूनवाल्यालाच धारेवर धरलं असतं. "पण मी चुकले ते त्याने केस राखले म्हणून नाही. माझ्या हाताला काही लागतच नाही. हिवाळ्यापासून. आजचे सगळे बोकड दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

माइकवाला माइक परत घ्यायचंही विसरला. एवढ्या लोकांत कुठे बघावं हे बाईंना समजेना, म्हणून त्यांनी खाली पाहिलं. सुनेने त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. कधीपासून, ते त्यांना कळलंच नव्हतं.